पत्ता चुकला कीं वाट बंद झाली?

वर्ध्यापासून पांच मैलांवरील सेगांव या खेड्यांत महात्मा गांधी १९३६ सालच्या एप्रिलअखेर राहावयास गेले, तेव्हां तेथें जावयास धड रस्ताहि नव्हता. परंतु गांधीजी जेथें राहत, तेथें जगाचें टपाल येत असे. पुढारी, परदेशचे वार्ताहर, सल्ला विचारणारे अनोळखी लोक, या सर्वांचीं पत्रें त्या लहानशा खेड्याच्या नांवानें निघूं लागलीं, आणि त्यांतील कांहीं भलत्याच गांवीं जाऊं लागलीं. कारण उघड होतें. ज्या लोहमार्गावर वर्धा आहे, त्याच मार्गावर सुमारें २०० किलोमीटर पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव आहे. श्रीगजाननमहाराजांच्या समाधीमुळें तें गांव प्रसिद्ध; त्याला स्वतःचें स्टेशन. सेगांव आणि शेगांव यांत फरक एका अक्षराचा, आणि तोहि इंग्रजी लिपींत घाईनें लिहितांना सहज पुसला जाणारा. टपाल निवडणाऱ्याचा हात परिचित नांवाकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

१९४० सालीं गांधीजींनीं गांवाचें नांव सेवाग्राम असें ठेवलें. या नांवांतील सेवेचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु तें ठेवण्याचें निकडीचें कारण टपालाचा हा घोटाळा होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. त्याच काळांतली दुसरी एक गोष्ट अशीच बोधप्रद आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं गांधीजींशीं प्रत्यक्ष बोलतां यावें म्हणून सेवाग्रामच्या आश्रमांत टेलिफोन बसविण्याची व्यवस्था केली. तें यंत्र आश्रमांत जपून ठेवलेलें आहे.

पहिल्या गोष्टींत वाट उघडी होती. गाड्या धावत होत्या, टपालवाले काम करीत होते. घोटाळा होता तो पत्त्याचा. दुसऱ्या गोष्टींत पत्ता सर्वांस माहीत होता; नव्हती ती वाट, आणि ती नवी घालावी लागली. पत्त्याचा दोष तारा ओढून जात नाहीं, आणि वाटेचा दोष नांव बदलून जात नाहीं. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे फाईल पाठवितांना आज जे घोटाळे होतात, त्यांचें निदानहि याच प्रश्नापासून सुरू करावें लागतें: पत्ता चुकला, कीं वाट बंद आहे?

हिंगणघाट हें वर्धा जिल्ह्यांतील कापसाच्या बाजाराचें गांव. तेथील एखाद्या खरेदीकेंद्राचा कारकून डोळ्यांपुढें आणावा. दिवसभरांत कोणत्या शेतकऱ्याचा किती क्विंटल कापूस घेतला, याची यादी त्यानें संध्याकाळीं नागपूरच्या मुख्य कचेरींतील संगणकावर चढवावयाची. ती पोंचली, तरच दुसऱ्या दिवशीं शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे पडावयाचे. एके संध्याकाळीं यादी जात नाहीं. कारकून नागपूरला फोन करतो, "साहेब, फाईल जाऊनच नाहीं राहिली." पलीकडून उत्तर येतें, "आमच्याकडे सर्व ठीक आहे, भाऊ. तुमचें इंटरनेट पाहा." कारकून इंटरनेट पाहतो, तों बातम्या दिसतात, चित्रपटहि दिसतो. दोघेहि खरें बोलत असतात, आणि यादी मात्र जेथल्या तेथें राहते. कारण 'जात नाहीं' या दोन शब्दांच्या पोटांत निदान पांच निरनिराळे आजार दडलेले असतात, आणि प्रत्येकाचें औषध वेगळें असतें.

फाईल पोंचविण्याची जी जुनी रीत अनेक कचेऱ्यांत अद्याप चालू आहे, तिला एफ.टी.पी. म्हणतात. तिचा पहिला लेखी आराखडा अभय भूषण या भारतीय अभियंत्यांनीं एप्रिल १९७१ मध्यें, अमेरिकेंत एम.आय.टी. या संस्थेंत असतांना, लिहिला. कानपूरच्या आय.आय.टी.मधून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतले ते विद्यार्थी. पुढें ऑक्टोबर १९८५ मध्यें या रीतीचे नियम नव्यानें लिहिले गेले, आणि तेच तिचा आधार होऊन राहिले आहेत. या रीतीनें निघालेल्या फाईलीला क्रमानें पांच पायऱ्या चढाव्या लागतात. पलीकडच्या संगणकाचें नांव, त्या नांवाचा आकडी पत्ता, त्या पत्त्यावरचें दार, दारावर ओळख पटविणें, आणि शेवटीं प्रत्यक्ष माल आंत नेण्याचें दुसरें दार. जी पायरी चुकेल तेथें फाईल अडते. परंतु खालीं उभ्या असलेल्याला सर्व अडथळे सारखेच दिसतात.

पहिली पायरी नांवाची. नांव एकटें पुरत नाहीं, हें वर्धा जिल्ह्याच्या रहिवाशाला निराळें सांगावयास नको. या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकीं सेलूचा नामबंधु परभणी जिल्ह्यांत आहे, आष्टीचा बीड जिल्ह्यांत आणि कारंज्याचा वाशीम जिल्ह्यांत. म्हणून व्यवहारांत एकाला कारंजा घाडगे म्हणतात आणि दुसऱ्याला कारंजा लाड. पत्रावर गांवाखालीं जिल्हा लिहितात. संगणकाचें पूर्ण नांवहि असेंच लहानाकडून मोठ्याकडे, टिंबांनीं जोडून लिहिलेलें असतें; प्रथम यंत्र, मग संस्था, मग देश. नागपूरच्या कचेरींतील मंडळी आपसांत नुसतें यंत्राचें नांव घेतात आणि त्यांचें काम होतें, जसें गांवांत 'पाटलांचा वाडा' म्हटलें कीं पुरतें. तेंच आंखूड नांव हिंगणघाटच्या कारकुनानें घेतलें, तर पडद्यावर उमटतें कीं असें नांव सांपडलें नाहीं. हा संदेश दिसला म्हणजे वायर हालविण्याचें प्रयोजन नाहीं. प्रथम नांवांतील एकएक अक्षर तपासावें आणि तें पूर्ण लिहिलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें.

नांव माणसांसाठीं असतें. यंत्राला आकडा लागतो. टपालखात्याला हें केव्हांच पटलें. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन कोडची पद्धत सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोंकणांतले, संस्कृतांत काव्यनाटकें लिहिणारे मराठी गृहस्थ होते. सेवाग्रामचा आकडा ४४२१०२ आणि शेगांवचा ४४४२०३. दोहोंचा आरंभ ४४ ने होतो, म्हणजे दोनहि गांवें विदर्भांतलीं. तिसऱ्या आकड्यापाशींच त्यांच्या वाटा फुटतात. अक्षर कितीहि पुसट असो, पिशवी चुकत नाहीं. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचा पत्ता असाच चार आकड्यांचा असतो, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. नांव दिलें कीं त्याचा आकडा शोधून देण्याचें काम डी.एन.एस. नांवाची एक जगभर पसरलेली सूची करते. म्हणून परीक्षा सोपी आहे. नांवानें जोडणी होत नाहीं, परंतु आकडा दिल्यावर होते, असें असेल तर वाट निर्दोष आहे. दोष सूचींत आहे.

कधीं कधीं सूची बरोबर असते, पण आठवण जुनी असते. वर्ध्याजवळचें सेवाग्राम स्टेशन पूर्वीं वर्धा ईस्ट या नांवानें ओळखलें जाई. जुनें वेळापत्रक हातीं घेऊन आलेला प्रवासी वर्धा ईस्ट शोधीत बसेल. स्टेशन जागेवर असूनहि त्याला तें सांपडणार नाहीं. त्याचप्रमाणें, मुख्य कचेरीनें आपला संगणक नव्या पत्त्यावर हलविला, तरी शाखेचें यंत्र कांहीं काळ जुनाच आकडा घोकीत राहतें. अशा वेळीं यंत्राची ही साठलेली आठवण पुसावी लागते, किंवा तिची मुदत संपण्याची वाट पाहावी लागते.

पत्त्याचा सर्वांत फसवा प्रकार याहून निराळा आहे. चार आकड्यांच्या पद्धतींत एकूण पत्ते सुमारें ४२९ कोटी. जगांतील यंत्रांना ते पुरेनात. म्हणून कांहीं आकडे घरगुती वापरासाठीं राखून ठेवले गेले, आणि १९९६ च्या नियमपत्रानें ते कायम झाले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते घरांतल्या 'ताई' आणि 'दादा' या हांकांसारखे आहेत. घरांत त्यांना अर्थ आहे. रस्त्यावर उभें राहून 'दादा' म्हणून हांक मारली, तर ओ कोणी द्यावी? घराच्या उंबऱ्यावर राउटर नांवाचें यंत्र बसतें. तें बाहेर जाणाऱ्या पाकिटावर घराचा सार्वजनिक पत्ता घालतें आणि आलेलें उत्तर आंतल्या माणसाला नेऊन देतें. आतां नागपूरच्या कचेरीनें भोळेपणानें आपला आंतला पत्ता, समजा १९२.१६८.१.१०, हिंगणघाटला कळविला, तर काय होईल? तो आकडा हिंगणघाटच्या कचेरींतहि असूं शकतो. कदाचित् तो तेथील छापयंत्राचा असेल. मग यादी नागपूरकडे निघतच नाहीं. ती शेजारच्या टेबलावर जाऊन दार ठोठावते. एकाच कचेरींतील दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला गेला, तर याहून विचित्र अनुभव येतो. जोडणी एका क्षणीं लागते, दुसऱ्या क्षणीं तुटते, आणि दोष मात्र बिचाऱ्या वायरीला दिला जातो.

पत्ता बरोबर ठरला म्हणजे दाराची पाळी येते. एकाच संगणकावर अनेक कामें चालतात, म्हणून प्रत्येक कामाला क्रमांकाचें दार असतें. त्याला पोर्ट म्हणतात. एफ.टी.पी.चें दार २१ वें. तिच्याऐवजीं आतां जी सुरक्षित रीत अनेक ठिकाणीं वापरतात, त्या एस.एफ.टी.पी.चें दार २२ वें. नांवांत एका अक्षराची भर पडते, पण रीत समूळ वेगळी आहे. २१ व्या दारावर २२ व्या दाराची भाषा बोलल्यास कोणी समजून घेत नाहीं. सेगांव-शेगांवचा घोटाळा येथें पुन्हां नव्या वेषांत उभा राहतो.

दारापाशीं दोन प्रकारचे अनुभव येतात आणि त्यांतला भेद ओळखतां येणें, हें अर्धें निदान आहे. एक नकार, दुसरें मौन. 'जोडणी नाकारली' असें उत्तर तत्काळ आलें, तर बहुधा ती चांगली खूण समजावी. पाकीट इच्छित पत्त्यावर पोंचलें, घर सांपडलें, परंतु त्या दारामागें काम करणारा कोणी नाहीं. पलीकडील कार्यक्रम बंद पडला असेल, किंवा दाराचा क्रमांक चुकला असेल. याउलट बराच वेळ कांहींच न घडतां 'मुदत संपली' असें दिसलें, तर पाकीट वाटेंतच कोठें तरी गडप झालें आहे. पत्ता भलताच असेल, वाट तुटली असेल, किंवा मधल्या संरक्षक भिंतीनें तें मुकाट्यानें टाकून दिलें असेल. दुसऱ्या संगणकाला नुसती हांक मारून पाहण्याची 'पिंग' नांवाची युक्ति येथें उपयोगी पडते. परंतु अनेक संगणक अशा हांकेला जाणूनबुजून उत्तर देत नाहींत, म्हणून उत्तर आलें तर वाट आहे असें समजावें, न आल्यास वाट नाहीं असें मात्र लगेच ठरवूं नये.

दार उघडल्यावर सर्व्हर तीन आकडी उत्तरें देऊं लागतो. हीं उत्तरें त्रासिक दिसलीं तरी तीं वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखीं आहेत. पहिला आकडा ४ असल्यास अडचण तात्पुरती मानली जाते आणि पुन्हां प्रयत्न करण्यास वाव असतो. तो ५ असल्यास तेंच तेंच पुन्हां करण्यांत अर्थ नाहीं, कांहीं तरी बदललें पाहिजे. ५३० म्हणजे ओळख पटली नाहीं. नांव वा परवलीचा शब्द चुकला. ५५० म्हणजे ओळख पटली, परंतु मागितलेली फाईल तेथें नाहीं, किंवा त्या जागीं ठेवण्याचा अधिकार नाहीं. ४२५ म्हणजे माल नेण्याचें दुसरें दार उघडतां आलें नाहीं. या शेवटच्या उत्तरांत एफ.टी.पी.चें खरें कोडें आहे.

ही रीत एका वाटेवर बोलते आणि दुसऱ्या वाटेनें माल नेते. मूळ पद्धतींत पाठविणारा सर्व्हरला निरोप देतो कीं, 'अमुक पत्त्याच्या अमुक दाराशीं या', आणि सर्व्हर आपण होऊन तिकडे निघतो. १९८५ सालीं यांत कांहीं वावगें नव्हतें. परंतु आज पाठविणारा बहुधा राउटरच्या आड बसलेला असतो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, पण पाकिटाच्या आंत, मजकुरांत, लिहिलेला घरगुती पत्ता अनेकदां तसाच राहतो. मजकूर सांकेतिक केलेला असल्यास त्याला तो वाचतांहि येत नाहीं. सर्व्हरनें त्या पत्त्यावर कसें जावें? शिवाय बाहेरून येणाऱ्या अनोळखी पाहुण्याला संरक्षक भिंत अडविते, तें निराळेंच. परिणाम असा होतो कीं ओळख पटते, स्वागत होतें, आणि फाईलींची यादी मागतांच सर्व कांहीं स्तब्ध होतें. यावर उपाय म्हणजे 'पॅसिव्ह' पद्धत. तींत सर्व्हर दाराचा क्रमांक सांगतो आणि दोनहि वेळां पाठविणाराच त्याच्याकडे जातो. पुष्कळदां एवढ्या एका खुणेनें काम होतें. मात्र सर्व्हरहि राउटरच्या आड असेल, तर तेथील व्यवस्थापकानें दोन गोष्टी केल्या पाहिजेत. सर्व्हरला स्वतःचा बाहेरचा पत्ता शिकविला पाहिजे, आणि दुसऱ्या दारांचे ठराविक क्रमांक राखून तेवढेच भिंतींत उघडे ठेवले पाहिजेत. एस.एफ.टी.पी.त बोलणें आणि माल एकाच वाटेनें जात असल्यामुळें हा प्रसंगच येत नाहीं.

फाईल पोंचली म्हणजे सर्व संपलें असेंहि नाहीं. चित्र वा दाबून लहान केलेली फाईल 'मजकूर' म्हणून पाठविली, तर वाटेंत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जातात आणि ती उघडत नाहीं. अशी फाईल 'बायनरी' पद्धतीनेंच पाठवावी. देवनागरींत ठेवलेलें नांव पलीकडे प्रश्नचिन्हांची माळ होऊन दिसलें, तर दोन कार्यक्रमांची लिपिसंकेतावर एकवाक्यता नाहीं असें समजावें, दोहोंकडे यू.टी.एफ.-८ हा संकेत ठेवला कीं नांव नीट दिसतें. पाठविलेल्या आणि पोंचलेल्या फाईलीचा आकार ताडून पाहणें, हें तर पोंचपावती घेण्याइतकेंच आवश्यक आहे.

अडचणींत सांपडलेला माणूस कंटाळून संरक्षक भिंतच पाडून टाकतो, हा सर्वांत मोठा धोका होय. भिंत क्षणभर बाजूला केल्यानें काम झालें, तर दोष भिंतींत आहे एवढें कळतें. म्हणून ती तशीच पडूं देणें म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवण्यासारखें आहे. जरूर तेवढें एक दार उघडावें आणि भिंत पुन्हां उभी करावी. साध्या एफ.टी.पी.त परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्याप्रमाणें जातो, हेंहि ध्यानांत असावें. याच कारणास्तव २०२१ सालीं फायरफॉक्स आणि क्रोम या दोनहि ब्राउझरांनीं या रीतीचा आधार काढून घेतला. जुन्या संवयीनें ब्राउझरांत एफ.टी.पी.चा पत्ता घालणाऱ्याला आज कांहीं दिसत नाहीं, त्याचें कारण पत्ताहि नव्हे आणि वाटहि नव्हे. ती खिडकीच बंद झाली आहे. शेतकऱ्यांचीं खातीं, रुग्णांचे कागद, विद्यार्थ्यांचे गुण, असला मजकूर सुरक्षित रीतीनेंच जावा.

हिंगणघाटच्या कारकुनाला यांतील सर्व शास्त्र येण्याची गरज नाहीं. त्यानें जवळून दूर जात, एका वेळीं एकच गोष्ट तपासावी, आणि पडद्यावर जें दिसलें तें जसेंच्या तसें सांगावें. तो फोनवर असें म्हणूं लागला कीं, "साहेब, नांव लागते, ओळखही पटते, पण यादी मागितली कीं थांबते, ४२५ असा आकडा येते," तर नागपूरचें उत्तर बदलल्यावांचून राहणार नाहीं. "मग दुसरें दार आमच्याकडेच बंद आहे, भाऊ. काल नवा राउटर बसवला. पांच मिनिटें थांबा." तुमचें इंटरनेट कीं आमचा सर्व्हर, हा वाद तेथें मिटतो, आणि यादी त्याच रात्रीं पोंचते.

प्रत्येक कचेरीनें यासाठीं एक कागद यंत्राजवळ लावून ठेवावा. त्यावर सर्व्हरचें पूर्ण नांव, त्याचा बाहेरचा आकडी पत्ता, दाराचा क्रमांक, वापरावयाची रीत आणि पलीकडील जबाबदार माणसाचा फोन, एवढ्या पांच गोष्टी असाव्यात. परवलीचा शब्द मात्र त्यावर लिहूं नये. पत्ता बदलला, तर त्याच दिवशीं तो कागदहि बदलावा, आणि बदल्याची तारीख खालीं घालावी.